दोन्हीकडची अक्षत

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून अक्षता वाळत घातल्या आहेत. तांदूळ काल दुपारी निवडले, तुटका दाणा एकेक करून बाजूला काढला, मग हळदीकुंकवाचं पाणी आणि बोटभर तूप लावून हाताने हलकेच घोळले. पंखा अगदी बारीक ठेवलाय, नाहीतर माझ्या अक्षता उडून हैदराबादेतलं सगळं हिमायतनगर आमच्या लग्नाला हजर व्हायचं. घरात तो ओल्या हळदीचा वास भरून राहिलाय, कच्चा, मातकट, जरासा तुरट. लेकाचं लग्न महिन्यावर आलंय, हे मला पत्रिका छापून आल्या तेव्हा जाणवलं नाही, हॉल बघून आलो तेव्हाही नाही. आज या वासाने मात्र ते एकदम जवळ आलं. काही वास असे असतात, दार न वाजवता सरळ आत शिरतात आणि आपल्याच घरात आपल्याला पाहुणं करून टाकतात.

टेबलाचा एक कोपरा नातीने, माझ्या लेकीच्या मुलीने, राखून ठेवलाय. ती आठवीत आहे, आईबाप ऑफिसात असले की शाळेतून सरळ माझ्याकडे येते. मराठी बोलते घडाघडा, वाचताना मात्र जोडाक्षर आलं की दगडाला ठेच लागल्यासारखी थांबते. तिचं गणित चाललं होतं. बराच वेळ पेन्सिल चावून झाल्यावर म्हणाली, "आजी, हे एक्स दोन्ही साइडला आहे ना. मग कुठल्या साइडला ठेवायचं?" मी म्हटलं, तुझ्या मॅम काय सांगतात? तर ही बया मान हलवून मॅमच्या आवाजात म्हणाली, "एक्स कू इदर लाव, साइन चेंज करो, बस." मग स्वतःच्या आवाजात, जरा हळू, "पण ते साइन का चेंज होतं, ते नाही सांगत." मी तिच्या वहीत डोकावले. पाच एक्स अधिक दोन, बरोबर तीन एक्स अधिक आठ. माझा हात आपोआप अक्षतांकडे गेला, दाण्यांचे ढीग करून तिला दाखवावं म्हणून, आणि तिथेच थबकला. कारण अक्षता आणि हे असलं समीकरण, दोन्हींना माझ्या आयुष्यात एकाच बाईचा वास आहे.

ती माझी मावशी. आणि काकूसुद्धा. आमच्या घरांची मुळं जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतीवाडीत, आणि आमच्या लोकांना नात्यात नातं करायची भारी हौस. मामाची पोर भाच्याला द्यायची, एका घरच्या दोन बहिणी दुसऱ्या घरच्या दोन भावांना द्यायच्या, म्हणजे जमीनही जवळ राहते, माणसंही जवळ राहतात आणि भांडणंही फार लांब जात नाहीत. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, वडील आणि काका सख्खे भाऊ. वडिलांच्या पुढ्यात मी तिला काकू म्हणायची, आजोळी गेलं की मावशी. दोन्हीकडचे एकाच वेळी असले तर मी तिला कुठल्याच नावाने हाक मारत नसे, नुसता पदर ओढायची. मनातून मात्र ती मावशीच. काकू या शब्दात थोडं सरळ बसावं लागतं, मावशी म्हटलं की मांडी घालता येते.

वडिलांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान, वर आमचं बिऱ्हाड. काका विद्यापीठाच्या कचेरीत, म्हणून त्यांचं घर विद्यानगरात, तळमजल्यावर, मागे अंगण आणि अंगणात चिंचेचं झाड. मावशी लग्नानंतर शिकली. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, आणि मग काकांना बायकोने नोकरी केलेली आवडत नव्हती म्हणून घरीच राहिली. पण गणित का कुठे घरी बसतं? ते तिच्या स्वयंपाकात, तिच्या विणकामात, तिच्या बोलण्यात सारखं डोकं वर काढायचं. भाजीवाल्या यादम्माशी तेलुगूत घासाघीस करतानाही ती आधी दोन्ही बाजू मनात मांडून बघायची आणि मग तोंड उघडायची. आठवीत माझं बीजगणित गटांगळ्या खायला लागलं तेव्हा आईने मला तिच्या हवाली केलं. शाळा सुटली की मी बस पकडून विद्यानगरला जायची. मागच्या अंगणात चिंचेखाली चटई, समोर स्टीलची दोन ताटं, एका वाटीत घासून काळेभोर चकचकीत केलेले चिंचोके. आणि पुरचुंड्या. जुन्या साडीचे चौकोनी तुकडे, त्यात चिंचोके बांधलेले, गाठ मारलेली. प्रत्येक पुरचुंडीत चिंचोके सारखेच, पण किती, ते तिलाच ठाऊक.

शाळेत आम्हाला नियम पाठ करून घेतला होता, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. मी तो मावशीला मोठ्या ऐटीत म्हणून दाखवला. ती भडकलीच. "बदलली म्हणजे? चालत गेलं का ते? पाय आहेत का त्याला?" तिने एका ताटात पाच पुरचुंड्या आणि दोन सुटे चिंचोके ठेवले, दुसऱ्यात तीन पुरचुंड्या आणि आठ सुटे. "दोन्ही ताटांत माल सारखा आहे, एवढं मी तुला सांगते. आता एका पुरचुंडीत किती?" मी लगेच गाठीला हात घातला. फाटकन हातावर बसली. "कायकू घाई करतेस? उघडून बघायला काय अक्कल लागते? न उघडता सांग." मी दोन्ही ताटांतलं पुन्हा पुन्हा मोजत बसले. शेवटी तीच म्हणाली, "इकडून एक पुरचुंडी काढलीस तर तिकडूनही एक काढ. नुसती एकीकडून काढलीस तर ती चोरी झाली." मी काढत गेले. इकडची एक, तिकडची एक, असं करत तीन तीन पुरचुंड्या बाजूला आल्या. दोन दोन चिंचोके बाजूला आले. एका ताटात दोन पुरचुंड्या उरल्या, दुसऱ्यात सहा चिंचोके. "तीन!" मी किंचाळलेच. मग तिने मला एक गाठ सोडू दिली. आत तीनच होते. अजूनही मला ती गाठ सोडतानाची छातीतली धडधड आठवते. परीक्षेत पहिला नंबर आल्यावरसुद्धा इतका आनंद झाला नसेल.

तिचं म्हणणं एवढंच होतं. चिन्ह बिन्ह काही बदलत नाही. आपण दोन्हीकडून सारखं काढतो, आणि जिथलं सगळं काढून होतं तिथे ते दिसेनासं होतं. जास्त पुरचुंड्या ज्या ताटात, तिथे काहीतरी उरणारच, आणि जे उरतं तेच उत्तर सांगतं. मी मान हलवायची. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला हे ताटापुरतं समजलं तरी पुष्कळ. माणसांच्या बाबतीतही दोन्हीकडून काढाकाढ होते आणि तेव्हा काय काय बाजूला जातं, हे कळायला ताईचं लग्न व्हावं लागलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्या लग्नात मावशी नुसती राबली. पापड तिने लाटून घेतले, रुखवत तिने मांडलं. कापसाचे हार, मण्यांचं तोरण, आणि एक लोकरीचा मोर, ज्याच्या पिसाऱ्यावर तिने आणि मी गणित करून रंग बसवले होते. बोहल्यावर ताईच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचं कामही तिचंच ठरलं होतं. पण काम ठरणं वेगळं आणि बोलावणं होणं वेगळं. आमच्याकडे पत्रिका पोस्टाने गेली काय आणि न गेली काय, खरं बोलावणं अक्षतेचं. घरच्यांनी दारात जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडाने म्हणायचं, या. त्यातही जवळच्या बाईला नुसती अक्षत देऊन भागत नाही, लग्नाच्या दिवशी तिला आणायला घरचं कुणीतरी जावं लागतं. त्याला मूळ धाडणं म्हणतात. मूळ आल्याशिवाय मानाची बाई उंबरा ओलांडत नाही. मग ती रात्रंदिवस त्याच घरात पापड लाटत का असेना!

आता घोटाळा कसा झाला बघा. रीत अशी की वडिलांनी आपल्या भाऊबंदांकडे अक्षत घेऊन जायचं आणि आईने आपल्या माहेरच्यांकडे. वडिलांना वाटलं, ती बायकोची सख्खी बहीण, माहेरच्या अक्षतेत पहिली तीच असणार. आईला वाटलं, यांच्या सख्ख्या भावाचं घर, तिथे यांनीच जायला हवं, आपण बायकांनी आधी जाऊन कसं चालेल. दोघांनीही आपापल्या बाजूने तिला मोजलं आणि दुसऱ्याच्या भरवशावर सोडून दिलं. मूळ धाडायचं तेही तसंच राहिलं. परक्या घराला असं कधी झालं नसतं. जी एका बाजूची असती तिला कुणीतरी नक्की आठवणीने बोलावलं असतं. ही दोन्हीकडची होती, म्हणून ही राहिली.

लग्नाच्या दिवशी मी नव्या परकर-पोलक्यात इकडून तिकडे मिरवत होते. गौरीहराशी ताईला बसवलं आणि आईने मागे वळून म्हटलं, "अगं, दिवा कुठाय? मावशी कुठाय?" तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. आईचा चेहरा पांढरा पडला. ती वडिलांकडे बघायला लागली, वडील तिच्याकडे. वडिलांनी दुकानातल्या माणसाला रिक्षाने विद्यानगरला पिटाळलं. तो मुहूर्त टळून गेल्यावर एकटाच परत आला. काकांनी त्याला दारातच सांगितलं होतं, "आता कशाला?" नंतर मला कळलं, मावशी सकाळपासून नेसून बसली होती. जरीकाठाची जांभळी साडी, नाकात नथ, हातात रुमाल. पुढच्या खोलीत, रस्ता दिसेल अशा खुर्चीवर. काका म्हणाले होते, येतील आणायला. ती म्हणाली होती, हौ, येतील की. जेवायची वेळ टळली तेव्हा तिने उठून साडी बदलली.

त्यानंतर दोन्ही घरांमध्ये बोलणं बंद. वडील आईला म्हणत, "ती तुझी बहीण होती." आई म्हणे, "तो तुमचा भाऊ होता." काका म्हणाले, "त्या घरच्या मांडवात माझं घर पाऊल ठेवणार नाही." एकदा म्हणाले ते म्हणाले. आमचे पुरुष शब्द फिरवण्यापेक्षा जन्म फिरवतील. एकच वाट कशीबशी उघडी राहिली. मावशीने काकांना ठणकावलं, "पोरीचं गणित मधे आणायचं नाही." इकडे आईनेही वडिलांना जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं, दोघींचं काही ठरलं नव्हतं तरी. म्हणून मी जात राहिले. आई माझ्याबरोबर डबा द्यायची, कधी अंबाडीची भाजी, कधी पुरण. "तिला दे" असं मात्र म्हणायची नाही, म्हणायची, "भूक लागली तर असू दे." मावशी डबा उघडायची, वास घ्यायची, झाकण लावून आत घेऊन जायची. परत देताना डबा कधी रिकामा नसायचा. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. त्यात मिरचीचा ठेचा असायचा किंवा चिंचेचा ठेवलेला गोळा. ती आईबद्दल एक शब्द विचारत नसे. मी सांगायला लागले की म्हणे, "वही काढ."

एक दिवस मी शाळेच्या पुस्तकातलं एक उदाहरण घेऊन गेले. क्ष अधिक पाच, बरोबर क्ष अधिक सात. मला येईना. मी म्हटलं, हे छापायला चुकलंय. मावशीने ताटं पुढे ओढली. एका ताटात एक पुरचुंडी आणि पाच चिंचोके ठेवले, दुसऱ्यात एक पुरचुंडी आणि सात. "काढ," म्हणाली. मी इकडची पुरचुंडी काढली, तिकडची काढली. एका ताटात पाच, दुसऱ्यात सात. "आता बरोबर आहे का हे?" मी म्हटलं, नाही, पाच बरोबर सात कसं होईल? "मग उत्तर?" उत्तर नाहीच, मी म्हटलं. ती त्या दोन ताटांकडे बघत राहिली. वाऱ्याने चिंचेची बारीक पानं चटईवर पडत होती. मग बाजूला काढलेल्या पुरचुंड्यांतली एक तिने उचलली आणि मुठीत धरली. "बघ गं," ती म्हणाली, "मी दोन्हीकडून गेले. आता दोघं भाऊ पाच बरोबर सात म्हणून भांडत बसलेत." आणि हसली. ती हसली म्हणून मीही हसले. मग पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं. मला तेव्हा तिला मिठी मारावीशी वाटली. मारली मी. चिंचोके सगळे चटईभर सांडले.

मी गणितात पास झाले, चांगले मार्क पडले. पुढे मोठी झाले. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील स्वतः विद्यानगरला अक्षत घेऊन गेले. आईही गेली, वेगळी, दुसऱ्या दिवशी, भावजयीला घेऊन. यावेळी दोघांनाही चूक होऊ द्यायची नव्हती. काकांनी दोघांनाही चहा पाजला, कुंकू लावून घेतलं आणि लग्नाला आले नाहीत. मावशीही आली नाही. नवऱ्याचा शब्द होता, ती काय करणार? बोहल्यावर माझ्या मागे दिवा घेऊन दुसरीच कुणी उभी होती. मी एकदा वळून पाहिलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की सगळ्यांना वाटलं, पोरगी सासरी जायच्या दुःखाने रडते आहे. सासरी जायला मी चांगली एका पायावर तयार होते! मला तीच हवी होती, एवढंच.

आई गेली त्या दिवशी मात्र मावशी सगळ्यांच्या आधी आली. निरोप पोचायच्या आत आली की काय असं वाटावं इतकी लवकर. मरणाला अक्षत लागत नाही ना. आली, आईच्या उशाशी बसली आणि आपल्या बहिणीचे केस विंचरत राहिली. गुंता झाला होता, तो बोटांनी एकेक बट सोडवत सोडवत. काका दारात उभे होते, वडील खुर्चीवर. दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता मिटेल. नाही मिटलं. पुढे वडील गेले, चार-सहा वर्षांनी काका गेले. भांडणारे सगळे निघून गेले आणि भांडण तेवढं मागे राहिलं, पाहुणे गेल्यावर राहिलेल्या मांडवासारखं. मावशी विद्यानगरात त्याच घरी आहे. तिला मूलबाळ नाही, मामाकडची भाचेसून तिचं करते. मी जाते येते, डबा नेते, भरलेला डबा आणते. पण माझ्या लेकीच्या लग्नाला, काका होते तेव्हा, ती आली नव्हती. आता लेकाचं लग्न. आता तिला कुणी अडवणारं नाही, फक्त ती स्वतः आहे. ती पंच्याऐंशीच्या घरात आहे, आणि हे माझ्या घरचं शेवटचं कार्य. ती येईल का, एवढाच प्रश्न माझ्या छातीवर दगड होऊन बसला होता.

तर आज अक्षता पुरत्या वाळायच्या आतच मी चांदीच्या वाटीत थोड्या घेतल्या. नातीला म्हटलं, चल, तुझ्या साइन चेंजचं उत्तर आणायला जाऊ. रिक्षावाल्याला विद्यानगर सांगितलं. त्याने आधी "आम्मा, बहुत ट्राफिक है" म्हणून भाडं वाढवून घेतलं आणि मग खरंच बहुत ट्राफिक होतं. वाटेत नात विचारत होती, "ती तुझी मावशी की काकू? एक सांग ना." मी म्हटलं, दोन्ही. "असं कसं होतं?" होतं बाई, आमच्यात होतं. आणि मी मनातल्या मनात वाक्य घोकत होते. तिने विचारलं, कोणाकडची अक्षत, तर काय सांगायचं. ही रीतच आहे, अक्षत दिली की आधी विचारतात, कोणाकडून आलात? आता वडील नाहीत, आई नाही, काका नाहीत. ताई लांब परगावी, म्हणजे त्या दोन घरांतली अक्षत द्यायला उरलेली मीच एकटी. मी म्हणणार होते, दोन्हीकडून आले आहे. कितीतरी वर्षांचं राहिलेलं बोलावणं एका वाक्यात पोचवायचं, अशी माझी मोठी तयारी होती.

मावशी पुढच्या खोलीत, त्याच रस्त्याकडेच्या खुर्चीवर बसली होती. नजर अधू झालीय, पण मला पावलावरून ओळखते. नातीला जवळ ओढून तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. "आठवीत ना? समीकरणं आली?" नात म्हणाली, "हो, पण एक्स दोन्ही साइडला आहे." मावशीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "दोन्हीकडे आहे? मग दोन्हीकडून सारखं काढ. उचलून इकडून तिकडे नक्को नेऊ." मग हाताने चाचपत खिडकीतला एक डबा घेतला आणि नातीच्या मांडीत ठेवला. त्या जुन्या पुरचुंड्या आणि चिंचोके. अजून घासलेले, अजून चकचकीत. पोरगी फरशीवर बसली आणि मांडायला लागली. मी वाटी काढली, काका नाहीत म्हणून न थांबता मावशीच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षतांचा हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं आणि तिच्या त्या जुन्या, परीक्षा घेणाऱ्या आवाजात विचारलं, "कोणाकडची अक्षत?"

"दोन्हीकडची," मी म्हटलं.

तिच्या सुरकुत्यांतून ते अंगणातलं हसू वर आलं. "दोन्हीकडची नक्को गं बाई. दोन्हीकडे असलं की मी वजा होते. एकदा झाले ना."

"मग कोणाकडून देऊ?"

"तुझ्याकडून दे. एकटीकडून."

मी तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. तिने त्या देवापुढे ठेवल्या नाहीत, पदरालाही बांधल्या नाहीत. मूठ मिटून धरली आणि तशीच बसून राहिली. जरा वेळाने म्हणाली, "मूळ कोण येणार? मी नेसून वाट बघत बसणार नाही हां, सांगून ठेवते." "मीच," मी म्हटलं. खाली नातीने ओरडून सांगितलं, "तीन! आजी, एक्स इज थ्री!" आणि मावशी मुठीसकट हात उंचावून म्हणाली, "ताळा करून बघ आधी."

परत येताना रिक्षात नात माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगली आणि माझ्या डोक्यात मात्र ती दोन ताटं फिरत राहिली. आम्ही आयुष्यभर दोन्हीकडून काढतच गेलो. राग काढला, मान काढले, बोलणं काढलं, आणि मग माणसंच एकेक करून निघून गेली. मी घाबरायची, असं काढत काढत शेवटी काहीच उरलं नाही तर? पण सगळं काढून झाल्यावर एका ताटात ती आहे आणि दुसऱ्यात मी. एवढं उरलं. एवढ्यासाठी इतकी वर्षं लागायला नको होती, याचा मला राग येतो, खरंच येतो. आणि तरी एवढं उरलं याचा आनंद त्या रागापेक्षा थोडा जास्त आहे.

घरी आल्यावर यांना सांगितलं, मावशी येणार आहे आणि तिला आणायला मी जाणार आहे. लग्नाच्या दिवशी, सकाळी. हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, तू वरमाय आहेस. कार्य सोडून वरमाय कुठे जाते का? गाडी पाठवू की कुणाबरोबर." व्याह्यांकडचे काय म्हणतील, भटजी काय म्हणतील, तेही सगळं म्हणून झालं. म्हणू देत. मुहूर्त साडेदहाचा आहे. मी तिला सातची वेळ सांगितली आहे, आणि सहाला तिच्या दारात उभी राहणार आहे.